बारा रीडिंगांची सरासरी

घड्याळाच्या काचेवर, चार आणि पाचच्या मधोमध, आखणीच्या चुन्याचा, फक्कीचा, एक पांढरा कण बसला होता—आतून की बाहेरून ते कळत नव्हतं. भीमाशंकरनं अंगठ्यानं पुसून पाहिलं, मग शर्टाच्या टोकानं, मग थुंकी लावून... कण तिथंच. म्हणजे आत गेला असावा. बंद काचेच्या आत फक्की कशी जाते हा प्रश्न एखाद्या बऱ्या दिवशी त्याला अर्धा तास पुरला असता, पण आज नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती, साडेदहाला हेलिकॉप्टर उतरायचं होतं, आणि घड्याळातून मान वर केली की समोर काहीच नव्हतं. काहीच म्हणजे, तीस-चाळीस पावलांवरची बाभळ होती, तिच्याखाली उकिडवा बसलेला धुळाजी होता, आणि त्यापलीकडं धुई—कालव्यावरून उठून माणिकरावांच्या रानात आडवी झालेली, आता उठायचं नाव न घेणारी, सरकारी पाहुण्यासारखी निवांत धुई.

पायाशी मात्र पांढरा एच होता, आणि एचभोवती गोल. धुळाजी रस्त्याच्या गँगचा मुकादम. त्यानं पहाटेपासून दोरी धरून फक्की मारली होती. रेघा सरळ होत्या. खात्यात सव्वीस वर्षं शाखा अभियंता म्हणून काढल्यावर सरळ रेघ दिसली की भीमाशंकरला थोडं चुकल्यासारखं वाटायचं.

"धूर करायचा का साहेब?" धुळाजीनं बसल्या जागेवरनं विचारलं. हेलिपॅडवर धूर करायची पद्धत आहे; पायलटला वारा कळतो आणि जागाही. त्यासाठी त्यानं ओल्या गवताचा ढीग रचून ठेवला होता.

"ह्या धुईत गवताचा धूर कुणाला दिसणार?"

"मग टायर जाळू. काळाभोर धूर. लई लांबून दिसतंय."

"टायरला पोलिसांची मनाई आहे."

"मोर्चाला जाळत्यात की."

"मोर्चावाले विचारून जाळत नाहीत."

यावर धुळाजी विचारात पडला. भीमाशंकरही पडला, पण त्याचा विचार वेगळा होता, चार दिवसांपासूनचा होता, आणि एवढाच होता—की हा एच जिथं होता तिथं तो नव्हता. कागदावर तो इथून नऊशे पावलं दक्षिणेला, दिंद्रुडच्या शाळेच्या मैदानात होता. आणि आकाशातून येणारा माणूस कागदावरून येणार होता.

शाळेच्या मैदानात आज मांडव होता. मांडवात दीड-दोन हजार माणूस.

हेलिपॅडच्या प्रमाणपत्राला दोन पानं असतात. जागेचा उतार, मातीची दबाई, आजूबाजूला खांब-तारा-झाडं नसणं, आगीच्या बंबाची सोय... आणि सातव्या रकान्यात अक्षांश-रेखांश. हा रकाना वर्षानुवर्षं कचेरीत नकाशावर पट्टी ठेवून भरला जायचा, आणि तो कुणी वाचत नाही या भरवशावर सगळे सुखात होते. गेल्या वर्षी घाटनांदूरला—भीमाशंकरचं गावच ते—मंत्र्याचं भाषण चालू असताना पायलट चहा प्यायला त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "इंजिनियर साहब, आपका घाटनांदूर तो मुझे डेढ़ किलोमीटर दूर मिला." मिशावाला, फौजेतून निवृत्त झालेला गडी. मग त्यानं भीमाशंकरला हेलिकॉप्टरात बसवून समोर चिकटपट्टीनं लावलेली काळी डबी दाखवली. वर उपग्रह आहेत, ते डबीला सांगतात तू कुठं आहेस. डबी सुई दाखवते. मोठ्या विमानतळांवर आता असं उपग्रहावरून उतरायची वाट आखायचं घाटतंय, पण त्याला फार सोपस्कार—वाट कुणीतरी मोजून काढायची, दुसऱ्यानं उडून तपासायची, डबीला वेगळं प्रमाणपत्र, पायलटला वेगळं, तेव्हा कुठं ढगातून खाली यायची मुभा. "और ये?" भीमाशंकरनं डबीकडं बोट केलं. "ऑफिशियली ये है ही नहीं," पायलट म्हणाला. "पर कोहरा हो, तो सुई जहाँ बोले वहाँ धीरे-धीरे नीचे आते हैं, ज़मीन दिखने तक. किताब में ऐसा कुछ नहीं है. किताब में तो घाटनांदूर भी नहीं है."

म्हणजे वरच्या डबीला प्रमाणपत्र नाही, वाटेला प्रमाणपत्र नाही. साऱ्या आभाळात एकच प्रमाणपत्र होतं, ते जमिनीवर होतं, आणि त्याच्यावर माझी सही होती.

त्या दिवसापासून भीमाशंकर सातवा रकाना वाचायला लागला. दुसरं कुणी नाही, तोच. यंदा दिंद्रुडचं ठरलं तेव्हा त्यानं तीन पत्रं लिहून औरंगाबादच्या एका कचेरीतून तसलंच एक हातात धरायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागवलं; ते भाकरीच्या फडक्यात गुंडाळून एसटीनं दिंद्रुडला आणलं; शाळेच्या मैदानाच्या मध्यावर स्वतः खुंटी ठोकली आणि खुंटीवर यंत्र धरून उभा राहिला... त्या तासाकडं आत्ता जायचं नव्हतं. तो तास त्यानं बाजूला ठेवला होता, सणाच्या कपड्यांसारखा.

मग माणिकराव आले. माणिकरावांना अभियांत्रिकी महाविद्यालय काढायचं होतं, विनाअनुदानित. हल्ली सगळं मोकळं झालंय म्हणतात, तसं. महाविद्यालयाला मान्यता यायची होती, रानाला बिगरशेती परवाना यायचा होता, फक्त मंत्री तेवढे भूमिपूजनाला नक्की येणार होते. मांडव माणिकरावांच्या रानात आणि हेलिपॅड शाळेच्या मैदानात, असं ठरलेलं.

"इंजिनेर साहेब," माणिकराव म्हणाले, "मंत्र्याचं पयलं पाऊल शाळेत पडलं तर शाळा कुणाची? झेडपीची. झेडपी कुणाच्या ताब्यात? ते तुमाला ठावं हाय. पाऊल बी माझ्याच रानात अन् कुदळ बी माझ्याच रानात. भाषण काय, कुटंबी ऐकू येतंय."

म्हणून मांडव मैदानात गेला आणि हेलिपॅड रानात आलं. भीमाशंकर कार्यकारी अभियंत्यांकडं—त्यांना सगळे मोठे साहेबच म्हणत—धावला. आकड्याचं काय? यंत्र तर परत गेलं होतं. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. "नव्या जागेचं नवं प्रमाणपत्र टाईप करा. रकाना सात तसाच ठेवा. आकडा मुंबईला कळवून झालाय, मिटकरी. एका कार्यक्रमाला दोन आकडे कळवले की लोक वाचायला लागतात."

मी सही केली. सही करताना माझा हात थरथरला असं सांगायला बरं वाटलं असतं. थरथरला नाही. सव्वीस वर्षांत तो एकदाच थरथरला होता, आणि त्या दिवशी श्रावणी सोमवार होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी भीमाशंकरनं खुंटीपासून या रानापर्यंत सरळ उत्तरेला पावलं टाकली—नऊशे. म्हणजे सहाशे चाळीस मीटर. अक्षांशाच्या एका सेकंदाला साधारण एकतीस मीटर. एकवीस सेकंद. अंश तेच, मिनिटं तीच, सेकंदं एकवीसनं जास्त. हा खरा आकडा त्यानं एसटीच्या तिकिटामागं लिहिला, तिकीट वरच्या खिशात ठेवलं, आणि मनाला सांगितलं, स्वच्छ ऊन असतं रोज, पायलट खाली बघेल, एच दिसेल. हिशोबात सगळं होतं. धुई नव्हती.

"धुळाजी," तो एकदम म्हणाला, "आवाज आला की टायर जाळ."

"मनाई हाय म्हनला न्हवं?"

"तरी जाळ."

"पोलीस आला तर तुमचं नाव सांगू का?"

"सांग." आपण हे म्हणालो याचं त्याला जरा नवल वाटलं, आणि त्या नवलाच्या जोरावर तो शाळेच्या दिशेनं चालू लागला. जीप हार आणायला गेली होती.

एक, दोन, तीन... पावलं मोजायची सवय काही केल्या सुटत नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तूर कापून गेलेली, खोडकं तेवढी उभी, त्यांच्यावर दहिवर. चाळीस, एकेचाळीस... मागं वळून पाहिलं तर बाभळ गेलेली. पुढं शाळा आलेली नाही. माणूस कुठूनतरी निघालेला आहे आणि कुठंतरी पोचायचा आहे, एवढंच—आणि मग तो तास आपोआप आलाच, बोलावला नव्हता तरी.

हिवाळ्यातली सकाळ होती, पण उन्हाची. मैदानात कुणी नव्हतं, रविवार. यंत्राच्या पडद्यावर चार उपग्रह उमटले, मग पाचवा. आकडे आले. भीमाशंकर खुंटीवर पाय जुळवून उभा, एक केसभर हललेला नाही. आणि आकडे हलत होते. शेवटचा अंक वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला. यंत्राच्या मते तो चालत होता—उत्तरेला दहा पावलं, मग पूर्वेला वीस, मग काही आठवल्यासारखा माघारी. औरंगाबादच्या साहेबानं सांगितलं होतं, अमेरिकेचं लष्कर यात मुद्दाम थोडी चूक मिसळतं, शत्रूला नेमकी जागा कळू नये म्हणून. दिंद्रुडच्या शाळेचं मैदान कुणापासून लपवायचं होतं कुणास ठाऊक. पण भीमाशंकरला राग आला नाही. त्याला दादा आठवले. वडील. घाटनांदूरच्या दुकानात दादा तराजू धरायचे आणि काटा पूर्ण थांबल्याशिवाय माल पुडीत ओतायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "भरलं की वो अण्णा, सोडा आता." दादा नुसते काट्याकडं बघत राहायचे. "थांबू दे," म्हणायचे. एवढंच. दुकान फार चाललं नाही.

तर आकडा थांबत नव्हता, म्हणून भीमाशंकर थांबला. दर पाच मिनिटांनी एक, अशी बारा रीडिंगं घेतली, वहीत एकाखाली एक लिहिली, बेरीज केली, बारानं भागलं. कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर चाळीस मिलिमीटर डांबर लिहून पंचवीसवर सही करणारा हा हात. पुलाच्या पायाचा खडक न बघता 'खडक लागला' लिहिणारा हा हात... त्यानं त्या दिवशी बारा रीडिंगांची सरासरी काढली, आणि जे आलं ते खरं होतं. माझ्या नोकरीत मी कागदावर लिहिलेला पहिला खरा आकडा. आणि त्या तासभरात, डोकं वर न करताही, त्याला वाटत होतं की वर, फार वर, कुणीतरी पाच जण आहेत आणि त्यांना ठाऊक आहे की भीमाशंकर मिटकरी या क्षणी नेमका कुठं उभा आहे. घरी येऊन त्यानं हे बायकोला, शिवगंगाला सांगितलं होतं. शिवगंगा पोळ्या लाटत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "कुणाला तरी कळायला पाहिजेच की तुमी कुठं असता ते."

पाचशे दहा, पाचशे अकरा... की सहाशे? मोजणी चुकली होती. समोर रस्ता लागला आणि रस्त्यावर पोलिसांची वायरलेसची गाडी. आतला शिपाई, पवन म्हणतात त्याला, कानटोपी घालून बिस्किट खात होता.

"सुटलं का औरंगाबादहून?"

"नऊ छप्पनला. आत्ताच मेसेज आला. बिस्किट घ्या."

"पायलटला निरोप द्यायचाय. आकडा चुकलाय. हा घ्या बरोबरचा."

पवननं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "माजलगाव ते दिंद्रुड. फुल."

"मागं बघा, मागं."

मागचं त्यानं वाचलं. आदरानं वाचलं, न समजणारी गोष्ट वाचतात तसं. "असंय साहेब, माझा सेट लागतो बीडच्या कंट्रोलला. बीड सांगणार औरंगाबादला. औरंगाबाद करणार विमानतळाला फोन. तिथनं पुढं पायलट. होतंय, न होण्यासारखं न्हाई. पन लेखी लागंल. तुमच्या मोठ्या साहेबांची सही आना, लगेच लावतो."

"मी सही करतो."

"तुमची चालत न्हाई असं न्हाई..." पवननं बिस्किटाचा चुरा झटकला. "पन चालत न्हाई. अन् तुमी एवढं कावून घाबरायलाव? पायलटला डोळे असत्यात."

असतात. डोळ्यांना जमीन लागते, पवन. जमीन दिसेपर्यंत तो खाली येणार, आणि त्याला जी जमीन दिसेल तिच्यावर मांडवाचं कापड असेल, आणि मांडवाशेजारी पंचवीस फुटी झेंड्याचा खांब असेल—जो मी हेलिपॅडसाठी उपटून घेतला होता, आणि हेलिपॅड हललं म्हणून सव्वीस जानेवारीसाठी शाळेनं परत रोवला, आणि जो माझ्या प्रमाणपत्रात नाही... हे सगळं त्यानं पवनला सांगितलं नाही. तिकीट परत घेतलं. दहा वाजून चार मिनिटं. फक्कीचा कण होता तिथंच.

मांडव आधी ऐकू आला, मग दिसला. कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. स्टेजमागं मोठे साहेब कोट घालून उभे होते आणि हार आला का म्हणून तिघांना एकदम विचारत होते. भीमाशंकरनं तिकीट पुढं केलं आणि शक्य तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. तो चार दिवस हेच शब्द कमी करत होता. आता पाच-सहाच उरले होते.

"धुई दहाला उठते," मोठे साहेब म्हणाले. "रोज उठते."

"दहा वाजून गेले साहेब."

"मग उठत असेल."

"नुसती सही हवी होती... त्यांना थांबवता येईल, माघारी फिरवता येईल."

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी भीमाशंकरच्या खांद्यावर हात ठेवला. तो हातही खरोखर जड होता. "मी सही करतो, मिटकरी. आत्ता करतो. पण काय म्हणून करू? आधीचा आकडा खोटा होता म्हणून? तो कुणी दिला? तुम्ही. प्रतिस्वाक्षरी कुणाची? माझी. आणि माघारी फिरवलं, आणि पाच मिनिटांनी ऊन पडलं, तर? माणिकरावांना कोण सांगणार, तुम्ही?"

मी सांगतो, असं म्हणायचं होतं. धुळाजीला 'सांग' म्हणालो होतो, ते अर्ध्या तासापूर्वीच. शब्द तयार होता, अगदी दातांपर्यंत आला होता... पण समोर कोट होता, आणि सव्वीस वर्षं कोटासमोर जे होतं तेच झालं—घशातून एक आवाज निघाला, होकार नाही, नकार नाही, फाईल पुढं सरकवल्यासारखा. मोठ्या साहेबांनी तो होकार समजून घेतला. तेवढ्यात हार आले.

माइक चार पावलांवर होता. उचलावा आणि सांगावं—काय सांगावं? लोकहो, पळा? दोन हजार माणूस, बाहेर पडायला दोन वाटा, मधे बल्ल्या आणि दोऱ्या. आभाळातून काही येण्याआधीच... नाही. निदान जिथं नेमकी ती जागा आहे तिथली माणसं उठवावीत. हळूच, चार-चार करून. जागा त्याला डोळे झाकून सापडली असती. खांबापासून पश्चिमेला बायकांची बाजू, तिथं सतरंजी फुगलेली असणार.

होतीच. त्या फुगवट्याला टेकून सारजाबाई बसली होती. शेजारच्या वस्तीवरनं ट्रॅक्टरनं आणलेल्या तीसेक बायकांची ती म्होरकी. भीमाशंकरला पाहून तिनं लगेच ओळखलं, म्हणजे खिशाला पेन आहे हे ओळखलं.

"ओ साहेब, ही खुटी उपटा की. सकाळधरनं मांडीला टोचतीया. कुणी मेल्यानं ठोकलीया."

"आजी, जरा उठता का? सगळ्याच जणी. बाहेर, त्या लिंबाखाली बसा थोडा वेळ."

"कावून?"

"हेलिकॉप्टर येतंय..."

"त्ये तिकडं माणिकरावाच्या रानात येनार हाय. आमाला ठावं हाय."

"हो. पण धुई आहे, ते... ते इथंही येऊ शकतं."

"हितं?"

"इथं. याच जागेवर."

सारजाबाईनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. तिच्या तोंडावर काहीतरी हललं, आणि एक क्षण भीमाशंकरला वाटलं की कळलं, एका माणसाला तरी कळलं. मग ती मागं वळून ओरडली, "आगं ए, सरका गं म्होरं! हितंच उतरनार हाय म्हनं! इंजिनेर सांगत्यात!"

"आजी, तसं नाही—"

"तिकडं कोन तंगड्या तोडीत जातंय बघाया. हितनं दिसंल सगळ्यांला. ये गं, तू ये, पोरीला घे म्होरं."

बायका सरकल्या. बायका सरकल्या म्हणून मागच्या उठून आल्या, त्या का आल्या हे बघायला पुरुषांच्या बाजूचे आले, आणि मांडवभर वाऱ्यासारखं पसरलं—हितंच हाय, हितंच उतरतंय, इंजिनेरानं सांगितलं. एका पोरीला बापानं खांद्यावर घेतलं. भीमाशंकर हात वर करून नाही नाही म्हणत होता, आणि लांबून तो हात लोकांना इकडं या असा दिसत असावा. सव्वीस वर्षांत त्याचं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

गर्दीनं त्याला ढकलत ढकलत त्याच्याच खुंटीवर आणून उभं केलं.

आणि तेव्हा आवाज आला. लांब, वायव्येला, पहिल्यांदा दळणाच्या गिरणीसारखा, मग नुसताच छातीत. मांडव गप्प झाला. माइकवाला हॅलोवर थांबला. रबर जळल्याचा वास आला—धुळाजीनं टायर पेटवलं होतं, शब्द पाळला होता—आणि वास आला म्हणजे वारा उत्तरेचा होता, म्हणजे तो काळा धूरही धुईतून जमिनीलगत सरकत इकडंच... सगळंच इकडं येत होतं.

भीमाशंकर खाली बसला. गुडघ्यावर. सतरंजीवरून खुंटीचं डोकं हाताला लागलं, घट्ट. उपटून काय होणार होतं? आकडा खुंटीत नव्हता. तरी त्यानं दोन्ही हातांनी धरून ओढलं. ती हलली नाही. त्यानंच ठोकली होती, हलू नये म्हणून.

आवाज माणिकरावांच्या रानावर होता आता. हो, तिकडंच. रान ओलांडत होता की घुटमळत होता... भीमाशंकर कान देऊन ऐकत राहिला, श्वास धरून, हातातली कुठलीही गोष्ट हलू न देता—आणि त्याच्या ध्यानात आलं की हे बसणं आपल्या ओळखीचं आहे. असं दादा बसायचे. काट्याकडं बघत. माल पडतो की सांडतो याच्याशी संबंध नसल्यासारखे. काटा कुठं थांबतो एवढंच.

...आणि त्या शांततेत, अगदी तळाशी, एक बारीकशी गोष्ट हलत होती. तिच्याकडं बघायला त्याला धीर होईना, पण ती दिसलीच. आवाज रानावर घुटमळला तेव्हा मला जे वाटलं, ती सुटका नव्हती. वाईट वाटलं होतं. थोडंसं, यंत्राच्या शेवटच्या अंकाएवढं. बारा रीडिंगं, एक तास, उन्हात उभं राहून—आणि सुई तिकडं जात असेल तर मग माझी सरासरी चुकली... माझ्या डोक्यावर धुई होती, भोवती दोन हजार माणूस होतं, सारजाबाईचा गुडघा माझ्या पाठीला लागलेला होता, खांद्यावरची ती पोर तोंड उघडून वर बघत होती. आणि या सगळ्याच्या मधोमध मी, भीमाशंकर मिटकरी, माझा आकडा बरोबर निघावा म्हणून वाट बघत होतो.

"निघाली का खुटी?" सारजाबाईनं विचारलं.

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. बसा आता गप."

तो बसला. इतके दिवस ज्याची भीती होती ते वर होतं आणि ज्याची आता भीती वाटत होती ते इथं, शर्टाच्या आत, तिकिटाच्या मागं होतं. त्याला पाच उपग्रहही शोधू शकले नसते. मांडवाचं कापड एकदा फुगलं आणि बसलं. वाऱ्यानं असेल. आवाज वाढला होता, खूप वाढला होता, सगळे माना वर करून बघत होते आणि तो एकटा खाली, खुंटीकडं—आवाज खरंच डोक्यावर आला होता, की तो डोक्यावर यावा असं मला वाटत होतं म्हणून तसा ऐकू येत होता, हे काही केल्या ठरेना.